मदत हवी आहे: वासू भस्मासुर, मग मोहिनी कोण?

मंडळी, जळगावला आमच्या वाचनगटात रविवारी आर. के. नारायण यांच्या 'द मॅन-ईटर ऑफ मालगुडी' (१९६१) वर बोलायचंय. मूळ इंग्रजी वाचलंय, गाईड नकोत, सगळे 'वाईट स्वतःच संपतं' इथेच थांबतात. कादंबरीतला खलनायक वासू नटराज या मुद्रकाच्या प्रेसच्या माळ्यावर ठाण मांडतो, मेलेल्या जनावरांत पेंढा भरतो, देवळाच्या हत्तीला मारायला टपतो आणि शेवटी डास मारताना स्वतःच्याच हाताने मरतो, भस्मासुरासारखा. पण भस्मासुराला मोहिनीने नाचवलं होतं ना! मोहिनी म्हणून देवळातली नर्तकी रंगी धरून पाहिली, ती नटराजला हत्तीला मारायचा कट सांगते, वासूला वारा घालताना तिला डुलकी लागते, पण ते मुद्दाम नाही. नटराज तर हत्तीसाठी विष्णूला हाक मारतो फक्त. मग चांगल्याने इथे नेमकं केलं काय, कोणता प्रसंग दाखवू?