बाग सगळ्यांची, मग किल्ली कोणाकडे?

कुदळवाला
आमच्या वसाहतीजवळ एक सार्वजनिक बाग आहे. गेली दोन वर्षं आम्ही दहा-पंधरा जण दर रविवारी सकाळी तिथे राबतोय. तण काढणं, आळी करणं, पाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात जिरवणं, बाकांच्या मोडक्या फळ्या बदलणं अशी कामं. आता पालिका म्हणते, एवढं करताच आहात तर देखभाल लेखी करारानेच घ्या. यावरून आमच्यात उभी फूट पडलीय.

माझं मत, घ्यावी. रोज ज्यांची पावलं तिथे पडतात त्यांनाच कळतं की कुठला नळ गळतोय आणि कुठल्या कोपऱ्यातला दिवा गेलाय. कंत्राटदाराचा माणूस हिरवळ कापतो आणि निघून जातो. रोप जगलं की मेलं, हा रकाना त्याच्या कागदावर नसतोच. विरोधी मतं हवी आहेत. फक्त 'पालिका काही करत नाही' एवढं सोडून बोला, ते सगळ्यांना पाठ आहे.

करभरणारा
बरं, ते सोडून बोलतो. तुम्ही करता, म्हणून पालिका करत नाही. हा क्रम उलटा वाचू नका. अंदाजपत्रक बसवणाऱ्याला कुठेतरी कात्री लावायचीच असते, आणि जिथे फुकटचे हात दिसतात तिथे ती आधी लागते. तुमचा उत्साह तीन वर्षं टिकेल. कोणी दुसऱ्या गावी जाईल, कोणाचे गुडघे दुखतील. तेव्हा त्या बागेच्या नावाने तरतूदही नसेल आणि माळ्याचं पदही नसेल.

आणि एक प्रश्न. झोपाळ्याची साखळी तुटून मूल पडलं तर वकिलाची नोटीस कोणाच्या नावाने येणार? करारात ते कलम शोधा. मला वाटतं तुम्ही अजून वाचलेलं नाही.

कुदळवाला
वाचलं नव्हतं. आता वाचलं. 'सुरक्षिततेची जबाबदारी देखभाल करणाऱ्याची' असं मोघम वाक्य आहे. हे बदलून घ्यावं लागेल, मान्य.

सावलीचीबाजू
करभरणारा यांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क सत्तरच्या दशकात मोडकळीला आलं होतं. शहराकडे पैसे नव्हते. १९८० मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने एक ना-नफा संस्था उभी राहिली, १९९८ मध्ये तिचा शहराशी रीतसर करार झाला, आणि आज ८४३ एकरांची ती बाग मुख्यतः हीच संस्था सांभाळते. जमीन मात्र शहराचीच राहिली. म्हणजे लोकांनी हात लावला की सरकार अंग काढून घेतं, हा काही निसर्गनियम नाही. कागदावर काय लिहिलंय यावर ते ठरतं.

करभरणारा
हे उदाहरण येणार याची वाटच बघत होतो! ती संस्था पगारी माळी ठेवते. २०१२ मध्ये एका गुंतवणूकदाराने तिला एकरकमी १० कोटी डॉलर दिले. त्याच शहरातल्या गरीब वस्तीतल्या बागेला असा दाता कुठून मिळणार? हा सवाल तिथेही उठला. श्रीमंत बागांच्या संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकातले २० टक्के गरजू बागांना द्यावेत, असा प्रस्ताव २०१३ मध्ये आला होता. त्याचा कायदा काही झाला नाही.

तुमच्या वसाहतीत रविवारची सकाळ मोकळी असणारे पंधरा जण आहेत. ज्या वस्तीत लोक रविवारीही कामावर जातात, तिथल्या बागेने काय करायचं? लोकसहभाग म्हणजे मोकळा वेळ असणाऱ्यांचा सहभाग, असं तर होत नाही ना?

माळ्याचीपोर
माझे वडील सार्वजनिक बागेत माळी होते, म्हणून थोडं तिखट लिहिते. रविवारी उत्साही मंडळी यायची, फोटो काढायची आणि सोमवारी बाबा निस्तरायचे. खोडाला मातीचा ढीग लावून ठेवलेला असायचा. अहो, त्याने साल कुजते! पाचोळ्याचं आच्छादन पाच ते दहा सेंटीमीटर पुरे, आणि तेही खोडापासून वीतभर लांब. मोठ्या झाडाला ही मंडळी बुंध्याशीच पाणी ओतायची. पाणी शोषणारी बारीक मुळं बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही पलीकडे असतात. एकदा कोणीतरी देणगी दिली आणि झाडाभोवती सिमेंटचा गोल पार बांधला, थेट खोडाला चिकटवून. मुळांना ना हवा ना पाणी. देणगीदाराच्या नावाची पाटी झाडापेक्षा जास्त टिकली.

मी विरोधात नाही. पण तुमच्या बैठकीत माळी बसतो का? कुदळवाला, तुम्ही दोन वर्षांत त्याचं नाव तरी विचारलंत का? धाग्यात तो फक्त 'कंत्राटदाराचा माणूस' आहे.

कुदळवाला
लागलं. ठीक आहे, लागायला हवंच होतं.

शिस्तप्रिय
मूळ प्रश्नाकडे या. करार घ्या आणि पहिल्याच दिवशी कुंपण उंच करा, फाटकाला कुलूप लावा, वेळ ठरवा. दुपारी कोणीही येऊन बाकांवर झोपतं, संध्याकाळी पोरं चेंडू बडवतात, कुंड्या फुटतात. सर्वांचं ते कोणाचंच नाही. किल्ली हातात नसेल तर देखभाल म्हणजे गाळणीने पाणी भरणं.

सावलीचीबाजू
'सर्वांचं ते कोणाचंच नाही' हाच युक्तिवाद गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडला होता. सामाईक कुरणात जो तो आपली गुरं वाढवणार आणि कुरण उजाड होणार, म्हणजे एकतर खासगी मालकी हवी नाहीतर सरकारी बडगा. एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकी अभ्यासक बाईंनी मात्र प्रत्यक्षातली कुरणं, पाटबंधारे आणि जंगलं अभ्यासून दाखवलं की वापरणारे लोक स्वतः नियम करून पिढ्यानपिढ्या सामाईक गोष्टी सांभाळतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी सांगितलेली गमकं काही अवघड नाहीत: नियम वापरणाऱ्यांनीच करायचे, लक्ष त्यांनीच ठेवायचं, चूक झाली तर पहिल्यांदा हलकी शिक्षा आणि पुन्हा केली तर कडक, भांडण जागच्या जागी मिटवायचं. यात कुलूप कुठेच नाही.

करभरणारा
पण त्यातलं पहिलंच गमक तुम्ही गाळलंत. वापरणारे कोण, याची हद्द स्पष्ट हवी. पाटाच्या पाण्यावर कोणाचा हक्क, हे गावाला माहीत असतं. बागेत तर वाटसरूलाही हक्क आहे, म्हणून तर ती सार्वजनिक. तिथे हद्द आखायला गेलात की शेवटी शिस्तप्रिय यांचं कुलूपच येणार.

सावलीचीबाजू
हा मुद्दा खरा आहे. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

कुंपणाबद्दल मात्र आहे. न्यूयॉर्कमध्येच ब्रायंट पार्क नावाची छोटी बाग आहे. एकेकाळी लोक तिथे पाऊल ठेवायला घाबरत, अमली पदार्थ उघड विकले जात. विल्यम व्हाइट हा सार्वजनिक जागा तासन् तास न्याहाळणारा माणूस. त्याने सल्ला दिला तो शिस्तप्रिय यांच्या नेमका उलटा: उंच झुडपांमुळे आतलं बाहेरून दिसत नाही, ती काढा, वाटा वाढवा. १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली तेव्हा कुठेही उचलून नेता येतील अशा हलक्या खुर्च्या ठेवल्या. बेड्या न घालता! लोक आले, बसले, आणि गर्दीमुळेच जागा सुरक्षित वाटू लागली. बाकावर झोपणारा माणूस ही तुमची अडचण नाहीये. त्या बाकाच्या आजूबाजूला दुसरं कोणी बसत नाही, ही आहे.

शिस्तप्रिय
खुर्च्या बेड्यांशिवाय? आमच्याकडे बेड्यांसकट जातील. पण झुडपं कापायचा मुद्दा पटला. आमच्या मागच्या फाटकापाशी अगदी हेच झालंय.

करभरणारा
मी अजूनही कराराच्या विरोधातच आहे. करायचाच असेल तर पालिकेच्या माळ्याचे तास कमी होणार नाहीत, हे आकड्यात लिहून घ्या. 'यथाशक्ती सहकार्य' वगैरे शब्द दिसले की सही न करता उठा. आणि करार वर्षाचाच करा, म्हणजे सोडताही येईल.

कुदळवाला
सगळं वाचून मसुदा असा बदलतोय. रोपं, आळी आणि पाचोळ्याचा खड्डा आमच्याकडे. झोपाळे, दिवे, नळ आणि मोठ्या झाडांची छाटणी पालिकेकडेच, आणि त्यांची जबाबदारीही. माळ्याचे तास आकड्यात. मुदत एक वर्ष. फाटकाला कुलूप नाही. माळीदादांना काल भेटलो. गेल्या उन्हाळ्यात आमची निम्मी रोपं का मेली, ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं: रविवारी आम्ही भरपूर पाणी घालायचो आणि मग आठवडाभर काहीच नाही. नव्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षं नियमित पाणी लागतं. आता वारांची वाटणी करतोय.

माळ्याचीपोर
आणि ती चेंडू बडवणारी पोरं? त्यांना बैठकीला बोलावलं का?

कुदळवाला
नाही. आमची बैठक सकाळी सातला असते, तेव्हा ती झोपलेली असतात. पुढची संध्याकाळी सहाला घेऊ, बागेतच. खेळ थांबवून येतील का, माहीत नाही.