पाटीवरचे ग्राहकाविषयीचे वाक्य गांधीजींचे आहे का?

शाईदौत :
आमच्या पतसंस्थेत रोखपालाच्या खिडकीवर ‘ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत’ अशी पाटी असून तिच्याखाली ‘महात्मा गांधी, दक्षिण आफ्रिका, १८९०’ असे लिहिलेले आहे. पाटी नव्याने रंगवायची असल्याने मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हे भाषण कोठे सापडेल?

मूळप्रत :
सापडणार नाही. पाटीवरचे सालच तिच्या विरोधात साक्ष देते. १८९० मध्ये गांधीजी लंडनमध्ये कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत, दरबानला, ते उतरले मे १८९३ मध्ये, तेही दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी. त्यांच्या संकलित वाङ्मयाचे इंग्रजी खंड तारखेच्या क्रमाने लावलेले असल्यामुळे अशी पडताळणी सोपी जाते. पहिल्या खंडात लंडनमधले लेख आहेत, पण त्यांत ग्राहक नाही, शाकाहार आहे. जवळजवळ हाच मजकूर १९४१ साली अमेरिकेत, स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्री विभागाचे उपाध्यक्ष केनेथ इलियट यांच्या नावाने छापलेला आढळतो, आणि त्याची भाषाही विक्रेत्यांना धडे देणाऱ्याचीच आहे.

शाईदौत :
मग समोरच्या भिंतीवरचे ‘जगात जो बदल हवा, तो स्वतः व्हा’ हेही गेले म्हणायचे?

मूळप्रत :
तेथे प्रकरण थोडे नाजूक आहे. १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक लेखमालेत, चक्क सर्पदंशावर लिहिताना, आपण स्वतः बदललो तर जगाची वृत्तीही बदलेल आणि इतर काय करतात याची वाट पाहण्याचे कारण नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले होते. पाटीवरचे आटोपशीर घोषवाक्य मात्र १९७० च्या दशकात, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या शिक्षिका आर्लीन लॉरन्स यांच्या लेखनात दिसते. आशय गांधीजींच्या जवळचा आहे, म्हणून शब्दही त्यांच्या नावावर खपवावेत हे मला पटत नाही.

शाईदौत :
संचालक मंडळाने ग्राहकाचा मजकूर ठेवून खालचे नाव व साल गाळण्यास मान्यता दिली आहे. तेवढी जागा रिकामी दिसेल म्हणून तेथे संस्थेचे स्थापना-वर्ष लिहावे, अशी एका संचालकांची सूचना आहे. ते वर्ष मी आता नोंदणी प्रमाणपत्रावरून पडताळून घेत आहे.