प्रकल्प मिळेपर्यंत पगार नाही, ही अट ग्राह्य नाही
सांगलीहून आपल्या भाच्याला एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर अमेरिकेत नेणारी कन्सल्टिंग कंपनी प्रकल्प मिळाल्यावरच पगार सुरू करणार असल्याचे आपण लिहिले आहे. तेथील नियमांत ही अट बसत नाही. तो रुजू होताच, आणि कंपनीने रुजू करून घेण्यास विलंब लावला तरी त्या व्हिसावर देशात प्रवेश केल्यापासून ३० दिवसांच्या आत, पगार सुरू करावाच लागतो. पुढे काम नाही म्हणून बसवून ठेवले तरी पगार थांबवता येत नाही. व्हिसासाठी कंपनी दाखल करते त्या याचिकेचे शुल्क व वकिलाची फीदेखील कंपनीनेच भरायची असते. (वर ‘अनामत’ मागणाऱ्या कंपनीच्या मी तरी वाटेला जाणार नाही.) लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशनची (कंपनीने तेथील कामगार खात्याकडे केलेल्या अर्जाची) प्रत रुजू होण्याच्या दिवसापर्यंत त्याला मिळालीच पाहिजे, कारण पगाराचा दर आणि कामाचे ठिकाण त्यातच नोंदलेले असते.