शब्दचर्चा : ग्रुप बाय म्हणजे खतावणी की तेरीज?

रकाना :
एसक्यूएल (तक्त्यांतल्या माहितीला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) शिकवताना ऑर्डर बायलाही 'वर्गीकरण' आणि ग्रुप बायलाही 'वर्गीकरण' म्हटलं की शिकणाऱ्याचा घोळ ठरलेला. क्रम लावणं वेगळं, गट पाडणं वेगळं. ऑर्डर बायला 'क्रमवारी' चालेल. शाळेतले 'चढता' नि 'उतरता' हे शब्द तर तयारच आहेत. ग्रुप बायला 'समूहन', 'गटवारी' असे पर्याय सुचतात, पण एकही तोंडात बसत नाही. जमाखर्चातला 'खतावणी' कसा वाटतो? कीर्दीतल्या (रोजच्या वहीतल्या) नोंदी ज्या त्या खात्यावर नेऊन मांडायच्या, म्हणजे ग्रुप बायच की.
(आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, यंत्राला त्या रोमनमध्येच द्यायच्या. रकान्यांची नावं मात्र मराठीत ठेवली तरी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल (माहिती सांभाळणारी सॉफ्टवेअर) कुरकुरत नाही.)

जमाखर्ची :
जवळ आलात, पण एक घर चुकलं. खतावणीत नोंद मरत नाही. खात्याचं पान उघडलं की तारखेवार प्रत्येक रक्कम दिसते. ग्रुप बायनंतर सुट्या नोंदी उरतच नाहीत, खात्यामागे एकच ओळ उरते. त्याला जमाखर्चात वेगळा शब्द आहे : तेरीज. प्रत्येक खात्याची फक्त बाकी काढून केलेली यादी.

जमिनीचं उदाहरण घ्या. खाते ११२ मध्ये जमिनीचा गट ४१ (३० गुंठे), गट ४४ (३० गुंठे), गट ५७ (४० गुंठे). खाते १२० मध्ये एकच गट ६३ (९० गुंठे).

सिलेक्ट खाते, सम(गुंठे) फ्रॉम जमीन ग्रुप बाय खाते

सम म्हणजे बेरीज. उत्तरात दोन ओळी : ११२ ला १००, १२० ला ९०. ही तेरीज.

सिलेक्ट खाते, गट, गुंठे, सम(गुंठे) ओव्हर (पार्टिशन बाय खाते) फ्रॉम जमीन

इथे चारही ओळी शाबूत राहतात आणि प्रत्येकीसमोर तिच्या खात्याची बेरीज येते : १००, १००, १००, ९०. ही खतावणी. गाव नमुना ८-अ डोळ्यांसमोर आणा. खातेदाराचे गट एकाखाली एक आणि शेवटी एकूण. म्हणजे ८-अ ही खतावणी झाली, तेरीज नव्हे.

'ग्रुप बायमध्ये नसलेला रकाना सिलेक्टमध्ये आलाय' ही नेहमीची चूकही या शब्दाने आपोआप कळते. तेरजेत गट क्रमांक कुठला दाखवणार? तीन आहेत. पोस्टग्रेस तिथेच अडवतं. मायएसक्यूएल ५.७.५ पासून मूळ सेटिंगमध्ये अडवतं, पण 'ओन्ली फुल ग्रुप बाय' हा पर्याय कोणी बंद केला असेल तर तीनपैकी हाताला लागेल तो गट दाखवून मोकळं होतं. चूक न सांगता चुकणारी क्वेरी सगळ्यांत वाईट.

पोटनियम :
तेरीज पटलं. पण खतावणी म्हटली की शिल्लकही चालती हवी, पासबुकात असते तशी. त्यासाठी ओव्हरच्या कंसात ऑर्डर बाय तारीख घालतात आणि तिथेच फसतात. समजा शिल्लक १०००, आणि ५ मे रोजी दोन जमा : ५०० नि ३००. उत्तरात दोन्ही ओळींसमोर १८०० येतं. १५०० कुठे गेले? ऑर्डर बाय दिलं आणि चौकट (बेरजेत कुठपासून कुठपर्यंतच्या ओळी धरायच्या ते) सांगितली नाही, की 'रेंज' धरली जाते, आणि रेंजच्या लेखी एकाच तारखेच्या सगळ्या ओळी बरोबरीच्या. तारखेपाठोपाठ नोंद क्रमांकही क्रमवारीत द्या आणि 'रोज बिट्वीन अनबाउंडेड प्रिसीडिंग अँड करंट रो' असं स्पष्ट लिहा (रोज म्हणजे इथे ओळी). मग १५००, १८०० असं येईल.

रकाना :
हे शब्द घेतले. आता व्हेअर आणि हॅविंग. मराठीत दोन्ही 'अट'. फरक कसा दाखवायचा?

जमाखर्ची :
व्हेअर ही 'नोंदीची अट' आणि हॅविंग ही 'गटाची अट' (गट ग्रुप बायचा, जमिनीचा नव्हे). चाळणी-गाळणीसारखे शब्द गोड वाटतात, पण आधी कोणती नि मागून कोणती हे सांगत नाहीत. दोन एकरांहून, म्हणजे ८० गुंठ्यांहून जास्त जमीन असलेली खाती काढायची आहेत. व्हेअर गुंठे > ८० लिहिलंत तर खाते ११२ गायब, कारण त्याचा एकही गट ८० च्या वर नाही. हॅविंग सम(गुंठे) > ८० लिहिलंत तर ते १०० गुंठ्यांसह येतं. व्हेअर बेरजेच्या आधी चालतो, हॅविंग बेरजेनंतर.

बोरू :
बेरजेचा विषय निघालाच आहे तर 'जोड' या शब्दाबद्दल तक्रार नोंदवतो. जॉइनला जोड म्हटलं की दोन तक्ते शेजारी चिकटले असं वाटतं. प्रत्यक्षात ओळी वाढतात. जमिनीच्या तक्त्याला पिकांचा तक्ता जोडला आणि प्रत्येक गटात खरीप नि रब्बी अशा दोन नोंदी असतील, तर खाते ११२ चे १०० गुंठे २०० होतात. मग कोणीतरी सम(डिस्टिंक्ट गुंठे) करतो, आणि उत्तर येतं ७०! कारण ३० दोनदा आहे म्हणून एक ३० उडाला. डिस्टिंक्ट रकमा वेगळ्या करतो, शेतं नव्हे. आधी आतल्या क्वेरीत तेरीज काढा, मग जोडा.

पोटनियम :
आणि नल? त्याला काही जण 'शून्य' म्हणतात, काही 'निरंक'.

बोरू :
दोन्ही नकोत. सरकारी पत्रव्यवहारात 'निरंक' हे उत्तर आहे : विचारलं, पाहिलं, काही नाही. म्हणजे ते शून्यच. नल म्हणजे उत्तर आलेलंच नाही. त्यालाही त्याच कचेरीत शब्द आहे, 'अप्राप्त'. तीन तलाठी सजांचे आकडे १२, निरंक, अप्राप्त असे असतील तर सरासरी ६ येते, कारण एव्हीजी अप्राप्त ओळ मोजतच नाही. कोअलेसने तिला शून्य केलंत तर सरासरी ४. कोणती खरी हे यंत्र सांगणार नाही. काउंट(*) तीन म्हणेल, काउंट(आकडा) दोन. आणि एकही ओळ हाती लागली नाही तर सम शून्य देत नाही, नल देतो. अहवालात बेरजेची जागा कोरी दिसते ती यामुळे.

क्रमवारीत तर अप्राप्तची जागाही सॉफ्टवेअर बदललं की बदलते. चढत्या क्रमात पोस्टग्रेस आणि ओरॅकल त्याला शेवटी ठेवतात, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर सुरुवातीला.

रकाना :
नावांच्या क्रमवारीला 'अकारविल्हे' हा जुना शब्द वापरावा का? मतदारयाद्यांसारख्या कामात शोभतो.

जमाखर्ची :
शोभतो, पण आधी यादी खरोखर अकारविल्हे लागली पाहिजे! नुसत्या युनिकोड क्रमांकांवर (संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांवर) लावली तर ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी येतो. त्यामुळे 'काळे' आधी आणि 'कासार' मागून. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतरचा, म्हणजे कासार आधी हवेत. पोस्टग्रेसमध्ये क्रमवारीला कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू" जोडलं की मराठी क्रम मिळतो. 'कोलेशन'ला म्हणूनच मी 'वर्णक्रम' म्हणतो.

ॲ ची गंमत आणखी वेगळी. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याचा क्रमांक ह च्याही पुढचा आहे. मालाच्या यादीत 'ॲल्युमिनिअम' हळदीच्याही खाली जाऊन बसतं. तेच जर अ, जोडचिन्ह (न दिसणारं झेडडब्ल्यूजे) आणि अर्धचंद्र असं टंकलं असेल तर वर, अ मध्ये. डोळ्यांना दोन्ही सारखेच.

पोटनियम :
आणि ग्रुप बायला ते दोन वेगळे गट. हाच प्रकार 'गोऱ्हे बुद्रुक'चा. नुक्त्याचा ऱ वापरून एक, साधा र, हलन्त आणि जोडचिन्ह वापरून दुसरा. पडद्यावर एकच गाव, तेरजेत दोन ओळी. पोस्टग्रेस १३ पासूनचं नॉर्मलाइझ (समान लेखनं एकरूप करणारं) इथे पुरत नाही, कारण त्याच्या मते ही दोन लेखनं समान नाहीत. जोडचिन्हाचं रूप रिप्लेसने आधी बदलून घ्यावं लागतं. संशय आला की लेंग्थ(गाव) काढून बघा, अक्षरसंख्या वेगळी निघते.

रकाना :
शेवटचा शब्द : फॉरमॅट. 'स्वरूपण' की 'मांडणी'?

बोरू :
मांडणी. मांडणी शेवटी करतात, हिशेब आटोपल्यावर. एक एकर तीस गुंठे १.३० असं साठवलं की १.३० + १.३० = २.६०, आणि खरं उत्तर आहे ३ एकर २० गुंठे. म्हणून साठवायचे निव्वळ गुंठे : ७० + ७० = १४०. दाखवताना १४० ला ४० ने भागून एकर, बाकी राहतील ते गुंठे. पोस्टग्रेसमध्ये पूर्णांकांना साधा भागाकार पुरतो, मायएसक्यूएलमध्ये 'डिव्ह' लागतो, नाहीतर साडेतीन एकर मिळतात.

लाख-कोटींच्या स्वल्पविरामांना मायएसक्यूएलमध्ये फॉरमॅट(रक्कम, २, 'ईएन_आयएन'). पोस्टग्रेसमध्ये टू_चार ला (आकड्याचा मजकूर करणाऱ्या आज्ञेला) ९९,९९,९९९ असा साचा देता येतो, पण रक्कम कोटीत गेली की साच्यात मावत नाही आणि आकड्यांच्या जागी जाळीची चिन्हं (#) छापली जातात. साचा ऐसपैस ठेवा आणि पुढे एफएम लावा, म्हणजे डावीकडच्या मोकळ्या जागा जातात.

जमाखर्ची :
यातला सापळा राहिला. टू_चार(रक्कम, ...) ॲज रक्कम असं नाव देऊन खाली ऑर्डर बाय रक्कम लिहिलं, की क्रमवारी मांडलेल्या मजकुरावर लागते, मूळ आकड्यावर नाही. मग १,००,००० हे ९,५०० च्या आधी येतात. मांडलेल्या रकान्याला वेगळं नाव द्या, 'रक्कम_छापील' वगैरे.