सुरुवातीच्या प्रसंगातला ताण: सांगण्यातून की लपवण्यातून?

चर्चाप्रस्ताव
मानसशास्त्रीय थरारपटाचा पहिला प्रसंग जितके कमी सांगेल तितका तो परिणामकारक, असे सर्रास मानले जाते. मला ते पटत नाही. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतले टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण प्रसिद्धच आहे: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, तो तिथे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर टेबलावरच्या फुटकळ गप्पाही पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८) सुरुवात नेमकी अशीच आहे. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवताना आपण पाहतो आणि त्यानंतर तीन मिनिटांहून अधिक काळ, एकाच सलग शॉटमध्ये, ती गाडी गर्दीतून रमतगमत जात राहते.

प्रतिसाद १
उदाहरण चोख आहे, पण ते गुन्हेपटाचे. तिथला धोका डिकीत आहे. आपण ज्या प्रकाराबद्दल बोलत आहोत त्यात तो पात्राच्या मनात असतो आणि त्याला घड्याळ लावता येत नाही. त्याच वर्षीचा हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ पाहा. छपरावरच्या पाठलागात नायक स्कॉटी, जो गुप्तहेर आहे, पन्हळीला लोंबकळतो, त्याला हात द्यायला आलेला पोलीस खाली कोसळतो आणि पुढच्या दृश्यात स्कॉटी मैत्रिणीच्या घरी बसलेला दिसतो. तो सुटला कसा, हे चित्रपट कधीच सांगत नाही. या गाळलेल्या दुव्यामुळेच तो माणूस उरलेला संपूर्ण चित्रपट अधांतरी लोंबकळत असल्यासारखा वाटतो.

चर्चाप्रस्तावक
दुवा गाळला आहे, हे मान्य. परंतु त्या गाळण्याला वजन येते ते आधी दिलेल्या माहितीमुळे. कॅमेरा मागे आणि झूम पुढे नेऊन खालची गल्ली ताणली जाते, तेव्हा स्कॉटीला उंचीचे भय आहे हे आपल्याला एकही शब्द न बोलता कळते. ते कळले नसते, तर पुढे ज्यावर चढताना त्याचे पाय थबकतात तो घंटामनोरा हा निव्वळ जिना ठरला असता.

प्रतिसाद २
दोघेही केवळ चित्राबद्दल बोलत आहात. कोपोलाच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’मध्ये (१९७४) कॅमेरा उंचावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमधल्या गर्दीवर संथपणे जवळ येतो आणि मध्येच आवाज यंत्रातून आल्यासारखा फाटतो. आपण कोणाचे तरी बोलणे चोरून ऐकत आहोत, हे उलगडेपर्यंत आपण त्या चोरीत सामील झालेले असतो. तो अस्वस्थपणा बॉम्बच्या हिशेबात बसत नाही.

प्रतिसाद १
शिवाय त्याच संभाषणातले कळीचे वाक्य पुढे चोरून ऐकणाऱ्या नायकाच्या ध्वनिफिती स्वच्छ करताना हाती लागते आणि अखेरीस त्यातला भर बदलताच अर्थ उलटतो. सुरुवातीच्या त्या खरखरीने ते झाकले होते. याला लपवणे नाही, तर काय म्हणावे?

चर्चाप्रस्तावक
लपवणेच म्हणावे, पण एका साध्या जोडप्यासाठी एवढी यंत्रसामग्री लावली आहे, ही माहिती उघडपणे दिल्यानंतरचे. खरखरीमागे काही दडले आहे हे ठाऊक नसते, तर ती कोणी कान देऊन ऐकली असती का?