आयईईई कॉन्फरन्स पेपर: संदर्भांचे आकडे उलटसुलट

प्रश्न: आयईईईच्या (इंजिनिअरांची संस्था) कॉन्फरन्ससाठी पेपर वर्डमध्ये लिहिलाय. मधेच एक परिच्छेद घुसवला, तर संदर्भांच्या आकड्यांत [७] नंतर थेट [१९] आला. सर म्हणतात, "यादी आडनावांनुसार अकारविल्हे लाव." चालेल का?

— छे! आयईईईत मजकुरात जो आधी येईल तो [१]. आडनावांची यादी एपीए या दुसऱ्या संदर्भ-शैलीत. आकडे हातानं टाकूच नका, झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावा; परिच्छेद हलवला की तेही हलतात.

— लेखक सहापेक्षा कमी असतील तर सगळ्यांची नावं द्या, 'एट अल.' (आणि इतर) नको. आयईईईच्या टेम्प्लेटमध्येच (नमुना फाइल) लिहिलंय, पण वाचतो कोण!

— वर्डऐवजी लाटेकमध्ये (कोड लिहून पेपर मांडायचं सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्यांनो, संदर्भाच्या शीर्षकातलं 'एचएमएम'सारखं लघुरूप महिरपी कंसात ठेवा. नाहीतर बिबटेक (लाटेकची संदर्भयादी बनवणारा प्रोग्रॅम) ते स्मॉल लेटरमध्ये छापतं.

— झोटेरो टाकलं. सरांना टेम्प्लेटच दाखवतो, माझं थोडंच ऐकणार!