शब्दचर्चा : आंबोलीच्या जंगलाला 'वर्षावन' म्हणावं का?

प्रश्न

निसर्गसहलीच्या माहितीपत्रकाचा मजकूर लिहिते आहे. आंबोलीच्या जंगलाला 'वर्षावन' म्हटलं तर चालेल का? कुणी 'पर्जन्यवन' सुचवतं, कुणी 'सदाहरित वन'. तिन्हींचा अर्थ एकच का?

उत्तर

पहिल्या दोन शब्दांत अर्थाचा फरक नाही. दोन्ही 'रेनफॉरेस्ट'साठी वापरतात. ही कल्पना शास्त्रात रुजवली ती आंद्रेआस शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८९८ साली, 'रेगेनवाल्ड' या शब्दाने. 'रेगेन' म्हणजे पाऊस, 'वाल्ड' म्हणजे अरण्य.

अडचण 'वर्षा'पाशी आहे. नाव ऐकलं की वाटतं, पाऊस धो धो पडला की वर्षावन झालं. तसं नाही. मेघालयात मॉसिनरामला वर्षाला ११,००० मिमीहून जास्त पाऊस होतो, पण त्या पठाराचा बराचसा भाग गवताळ आहे. उलट सिंगापूरला वर्षाला सुमारे २,२०० मिमीच पडतो आणि तिथे बुकित तिमाहला अस्सल वर्षावन आहे. कारण तिथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा येत राहतो. कोपेनच्या हवामान-वर्गीकरणात विषुववृत्तीय वर्षावनाच्या हवामानाची अट हीच आहे: वर्षातला सगळ्यात कोरडा महिनाही ६० मिमीच्या खाली जाता कामा नये.

आता आंबोली बघा. पाऊस ७,००० मिमीच्या आसपास, म्हणजे सिंगापूरच्या तिप्पट. पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढे दिवाळीनंतर मे संपेपर्यंत झाडांना धुकं, दव आणि जमिनीत मुरलेल्या पाण्यावर भागवावं लागतं. तरीही तिथलं जंगल हिरवं राहतं, हे मला त्या पावसाच्या आकड्यापेक्षा फार मोठं वाटतं. म्हणून आंबोलीसाठी 'सदाहरित' आणि 'निमसदाहरित' हेच शब्द नेमके.

सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत असं नव्हे. ती एकदम न गळता थोडी थोडी गळतात, त्यामुळे झाड कधी उघडं पडत नाही. निमसदाहरित म्हणजे अशा झाडांत पानगळीची काही झाडंही मिसळलेली असतात.

आणखी एक उत्तर

वरच्या मताशी सहमत, फक्त एक पुस्ती. सगळ्या सह्याद्रीला एकच माप लावू नका. दक्षिणेकडे जावं तसा कोरडा काळ कमी होत जातो. महाराष्ट्रात तो सात-आठ महिने, केरळच्या दक्षिण टोकाला दोन-तीनच. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या अरण्याला अभ्यासक वर्षावन म्हणतात आणि ते योग्यच आहे. महाबळेश्वरला मात्र वारा आणि जांभ्यावरची उथळ माती यांमुळे झाडं बुटकी राहतात.

आणि 'वर्षाजंगल' असा शब्द कृपा करून घडवू नका. आयुर्वेदात 'जांगल देश' म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडांचा, कोरडा प्रदेश. पाणथळ प्रदेशाला तिथे 'आनूप' म्हणतात. आज आपण दाट झाडीलाच जंगल म्हणतो, बोलताना ते ठीकच आहे, पण नव्या समासात हे दोन शब्द शेजारी बसवायला नकोत.

प्रश्नकर्ती

मग माहितीपत्रकात 'वर्षावन' अजिबात नको?

उत्तर

आंबोलीसाठी नको. ॲमेझॉनशी तुलना करायची असेल तर तिथे जरूर वापरा. त्या अरण्यावर पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा तिथल्या झाडांच्या पानांतून हवेत गेलेल्या बाष्पाचाच असतो. एनेयास सालाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हे दाखवून दिलं. 'पावसामुळे वन' इतकाच अर्थ धरला तर ही अर्धी बाजू सुटते.

वाक्य साधं ठेवा: 'आंबोलीच्या घाटमाथ्यावर सदाहरित व निमसदाहरित जंगलाचे पट्टे आहेत.' पुढे जांभूळ, अंजनी, पिसा ही नावं द्या. लोक झाडं ओळखायला लागतील.

शुद्धलेखनाचंही पाहा. 'वर्षवन' असं छापलेलं मी पाहिलं आहे. वर्ष म्हणजे साल, वर्षा म्हणजे पाऊस, तेव्हा 'र्षा' दीर्घच. शब्द नपुंसकलिंगी: ते वर्षावन, ती वर्षावनं.